लाल पेन्सिलीचा पेपर

पहाटे ४.१०

टेम्पो गोव्यातल्या वाळपईच्या बसस्थानकासमोर थांबतो. चालक इंजिन चालूच ठेवतो, त्याला पुढची गावे करायची आहेत. मागे बसलेला मुलगा गठ्ठे एकेक करून खाली सोडतो. प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेले गठ्ठे, वर कोरा कागद, कागदावर एजंटचे नाव आणि प्रतींचा आकडा. अण्णा आधी बॅटरीच्या उजेडात आकडा बघतात, मगच गठ्ठ्याला हात लावतात. प्रती कमी आल्या असतील तर आत्ताच बोलायचे. टेम्पो साखळीच्या वाटेला लागला की बोलून काही हाती लागत नाही.

अण्णा साठीच्या उंबरठ्यावर आहेत. तिसाहून अधिक वर्षे ते वाळपईत पेपर विकतात. नाव छापू नका म्हणाले. गावात सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, तेव्हा इथेही अण्णाच.

एप्रिल महिना. पहाटेही अंगाला घाम आहे. हवेत काजूच्या पिकलेल्या बोंडूंचा आंबूस वास आहे. सत्तरी तालुक्यात या दिवसांत तो कुठेही गेलात तरी सोबत येतो.

४.२५

बंद दुकानाच्या पायरीवर ताडपत्री पसरली आहे. अण्णा ब्लेडने पट्ट्या कापतात. गठ्ठा फुटला की शाईचा वास येतो. दोन मुलगे आले आहेत, एक आयटीआयचा, एक बारावीची परीक्षा देऊन बसलेला. तिघे मांडी घालून बसतात आणि पुरवण्या आत घालू लागतात. डाव्या हाताने अंक उघडायचा, उजव्या हाताने पुरवणी सरकवायची, गुडघ्यावर आपटून कडा सारख्या करायच्या. कोणी बोलत नाही. बोलले की मोजणी चुकते.

आज एका फर्निचरच्या दुकानाची पत्रकेही आहेत. ती आत घालायचे शंभराला तीस रुपये मिळतात. ते पैसे अण्णा मुलांना देतात. शिवाय पेपर टाकायचे महिन्याला अडीच हजार. सायकल त्यांची, पंक्चर अण्णांचे.

ढीग लागतात. गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत, लोकमत, पुढारी. इंग्रजीत नवहिंद टाइम्स, हेराल्ड, टाइम्स. गोमन्तक निघाला १९६२ च्या मार्चमध्ये, गोवा मुक्त होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. नवहिंद टाइम्स १९६३ चा, नवप्रभा १९७० ची. हेराल्ड गोव्याच्या या दैनिकांहून जुना. १९०० साली तो पोर्तुगीज दैनिक म्हणून सुरू झाला आणि १९८३ पासून इंग्रजीत निघतो. तरुण भारत मूळचा बेळगावचा, १९१९ चा. सत्तरीत मराठी अंक जास्त जातात. घरात कोकणी, हातात मराठी पेपर, यात इथे कोणाला नवल वाटत नाही.

सगळ्यांत लहान ढीग इकॉनॉमिक टाइम्सचा. चार प्रती. एक बँकेत जाते, एक कर सल्लागाराकडे, एक निवृत्त इंजिनियरांकडे. चौथी कोणी मागवलेली नाही. तिचे पैसे अण्णा स्वतः भरतात.

५.००

मुले गठ्ठे सायकलींना बांधत असताना अण्णा ही चौथी प्रत घेऊन बल्बखाली बसतात. हाती पंचवीस मिनिटे आहेत. याच पंचवीस मिनिटांसाठी मी आलो आहे.

खिशातून ते लाल-निळी पेन्सिल काढतात, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. मघाच्याच ब्लेडने टोक करतात. चष्मा कपाळावरून नाकावर येतो. पेपर ते मागून उघडतात. पहिले पान शेवटी. “पहिल्या पानावरचे सगळ्यांना कळतेच,” ते म्हणतात. “टीव्हीवर रात्रीच कळलेले असते. आतल्या पानात खालच्या कोपऱ्यात चार ओळी असतात, त्या कोण वाचणार?”

त्या चार ओळी ते शोधतात. बोट रकान्यावरून खाली सरकत जाते. काजू, सुपारी, खनिज, डॉलर, व्याजदर, तेल, पाऊस यांतले काही दिसले की थांबते. आज ते थांबले आयव्हरी कोस्टवर. पश्चिम आफ्रिकेतल्या कच्च्या काजूच्या हंगामाची छोटी बातमी आहे. अण्णा ती दोनदा वाचतात. मग मराठी पेपरांच्या ढिगातून एक अंक ओढतात, वरच्या कोऱ्या जागेत लाल अक्षरांत लिहितात: ‘आफ्रिकेत काजूची आवक वाढतेय. बिया साठवण्याआधी विचार करा.’ दुसऱ्या अंकावर तेच, तिसऱ्यावर तेच. असे सात अंक. हे सातही जण काजूवाले. इंग्रजी त्यांच्यातला एकच वाचतो.

बातमी वाळपईच्या कामाची कशी, हे सत्तरीत सांगावे लागत नाही. कच्च्या काजूच्या उत्पादनात आयव्हरी कोस्ट आज जगात पहिला आहे. प्रक्रिया करून निर्यात करण्यात व्हिएतनाम पुढे. भारतातले कारखाने आफ्रिकेतून बिया आणतात. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून काजू आणला, तो गोव्याच्या डोंगरात रुजला. आता त्याच झाडाची आफ्रिकेतली बी गोव्याच्या बीचा भाव पाडते. २०२३ च्या हंगामात भाव इतका उतरला की सरकारने आधारभूत दर किलोला १२५ रुपयांवरून १५० केला. बागायतदाराला बाजारभाव आणि आधारभूत दर यांतला फरक मिळतो, पण नंतर, कागद भरल्यावर. बी विकायची ती आजच्या भावाने.

दुसरी खूण होते सुपारीवर. ही दोनच अंकांवर, सुपारीच्या बागा असलेल्या कुळागरवाल्यांच्या. तिसरी खूण निळी. ती बातमी कोणाला द्यायची नाही, ठेवायची आहे.

अण्णांचे नियम मी मुद्दाम विचारून घेतले. एका अंकावर एकच खूण. “दोन केल्या तर माणूस एकही वाचत नाही.” अमुक शेअर घ्या, तमुक विका, अशा बातमीवर खूण नाही, कितीही मोठ्या माणसाचे मत असो. राजकारणावर नाही. आणि ज्या दिवशी कामाचे काही नसेल त्या दिवशी कोरा पेपर. “रोज काहीतरी द्यायचेच म्हटले की मग उगाच काहीही देतो आपण.”

हा शेवटचा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दिवसभर माहिती विकणाऱ्या कितीजणांना तो पाळता येतो?

५.३०

मुले निघाली. एक बाजारपेठेतून मासोर्ड्याच्या बाजूला, दुसरा सरकारी वसाहतीकडे. पाववाला पोदेर भोंपू वाजवत गेला, त्याच्या टोपलीतून गरम पावाचा वास आला. त्याची आणि पेपरची वेळ एकच. काही घरांच्या दाराला दोन पिशव्या असतात, एक पावाची, एक पेपरची.

अण्णांची स्कूटर बारा वर्षांची आहे. पुढे पायाशी एक गठ्ठा, मागे दोन, रबराच्या ट्यूबने बांधलेले. शंभराचे पेट्रोल दोन दिवस पुरवायचे असते, म्हणून उतार आला की ते इंजिन बंद करतात. मी मागून माझ्या दुचाकीवर. वेळूस, मग नाणूस. नाणूसचा किल्ला उजाडताना लांबून दाखवतात. १८५२ मध्ये दीपाजी राण्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध उठाव केला तेव्हा हा किल्ला ताब्यात घेतला होता. अण्णा थांबत नाहीत. हात करून दाखवतात आणि पुढे.

पेपर फेकायची त्यांची पद्धत नाही. पायरीवर ठेवतात, वर दगड. फेकलेला पेपर उलगडतो आणि खुणेचे पान कुत्र्याच्या पायाखाली जाते, म्हणतात.

६.३५

एका कुळागराच्या बांधावर स्कूटर लावतो. पाटाचे पाणी सुटले आहे. सुपारीच्या झाडांवर मिरवेली चढलेल्या, खाली केळी. मालक वयाने सत्तरच्या पुढचे, उघडे अंग, खांद्यावर पंचा. ते वाटच बघत असतात.

“काय रे, आज खूण आहे?”

“आहे भाऊ. सुपारी.”

भाऊ पंच्याने हात पुसतात आणि उभ्यानेच वाचतात. आयात सुपारीची बातमी आहे. बाहेरून स्वस्त सुपारी येते ही कुळागरवाल्यांची जुनी डोकेदुखी. केंद्र सरकारने २०२३ च्या फेब्रुवारीत सुपारीची किमान आयात किंमत किलोला २५१ रुपयांवरून ३५१ केली. त्याखाली माल आणायचा नाही. त्याआधी २०२२ मध्ये भूतानहून १७ हजार टन ओली सुपारी या अटीशिवाय आणायला मुभा दिली होती. भूतान हा शब्द भाऊंनी पहिल्यांदा सुपारीच्या संदर्भात वाचला तो अण्णांच्या लाल खुणेत.

“तेव्हा मी म्हटले, भूतानात सुपारी होते?” भाऊ मला सांगतात. “हा म्हणाला, होते. मग नातवाला नकाशा काढायला लावला.”

सोललेली सुपारी त्यांच्या माडीवर पडून आहे. विकायची की गणेश चवथीपर्यंत थांबायचे, यावर दोघे पाच मिनिटे बोलतात. अण्णा सल्ला देत नाहीत. गेल्या तीन वर्षांत या दिवसांत भाव काय होता ते सांगतात. आकडे पाठ आहेत. भाऊ ऐकतात, पाटाकडे बघतात, आणि अर्धी विकायची असे ठरवतात.

हा निर्णय बरोबर की चूक, ते पावसाळ्यानंतर कळेल. पण एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आयातीचे धोरण, मागचे भाव आणि घरचा खर्च एकत्र धरून स्वतः ठरवले. मुंबईत वातानुकूलित खोलीत याच कामाचे पगार मिळतात.

७.४५

वाटप संपले. बाजारात कोपऱ्यावरच्या हॉटेलात पाव-भाजी आणि चहा. पातळभाजी, वर चिरलेला कांदा. पन्नासाच्या आत दोघांचे. अण्णा पैसे देऊ देत नाहीत.

इथे मी हिशेब विचारतो. ते लपवत नाहीत. तीनशेच्या आसपास प्रती. एका प्रतीमागे सरासरी दीड-पावणेदोन रुपये सुटतात. घरपोच देण्याचे महिन्याला पंधरा रुपये वेगळे, काही लोक तेही देत नाहीत. दोन मुलांचा पगार, पेट्रोल, न विकलेल्या प्रतींचा फटका. करोनाच्या टाळेबंदीत पेपरवरून विषाणू येतो या भीतीने लोकांनी अंक बंद केले. त्यातले निम्मेच परत आले. बाकीचे मोबाइलवर गेले ते गेलेच. पेपरवर महिन्याला दहा-बारा हजार राहतात. उरलेले दुकान देते: वह्या, पेन, मासिके आणि झेरॉक्स मशीन. मशीन वहिनी चालवतात.

यातून अण्णा महिन्याला दोन हजार म्युच्युअल फंडात घालतात. सुरुवात पाचशेने केली होती. थोडे शेअर आहेत, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले. मुलगी आता पणजीत नोकरी करते आणि लग्नाचे मी बघते म्हणते. शेअर तसेच आहेत.

९.१५

शेअर बाजार उघडला, मुंबईचा. वाळपईत दुकानाचे शटर निम्मे वर गेले आहे. अण्णा मोबाइल बघत नाहीत. मी बघतो हे पाहून म्हणतात, “साडेतीनपर्यंत तो वरखाली होणार. आपण काय करणार त्यात?”

काउंटरच्या आत खांबाला एक कात्रण चिकटवले आहे. प्लास्टिकचे आवरण पिवळे पडले आहे. वॉरन बफे यांचा फोटो. पोरवयात त्यांनी वॉशिंग्टनमध्ये घरोघर पेपर टाकले, त्यातून पैसे साठवले. पुढे जगातले सगळ्यांत नावाजलेले गुंतवणूकदार झाल्यावर २०११ मध्ये त्यांच्या कंपनीने त्यांच्याच गावचे, ओमाहाचे दैनिक विकत घेतले. २०२० मध्ये कंपनीने आपली सगळी वृत्तपत्रे १४ कोटी डॉलरला विकून टाकली. फोटोखाली अण्णांच्या निळ्या अक्षरात दोन्ही साले लिहिली आहेत. ज्याने पेपर टाकून सुरुवात केली त्यालाही शेवटी पेपरचा धंदा परवडला नाही, हे अण्णांनी स्वतःपासून लपवलेले नाही. खांबावर रोज दिसते.

साडेनऊला एक तरुण येतो. पंचवीस-सव्वीसचा, होंड्याला कारखान्यात कामाला, आज दुसरी पाळी. त्याला अण्णांनी एका कात्रणाची झेरॉक्स काढून ठेवली आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीची बातमी: आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या किरकोळ गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक.

मुलगा वाचतो. “मी थोडेच लावतो, अण्णा.”

“शंभरातले सात कमावतात बाबा. तू त्या सातांत आहेस का, एवढे वहीत लिहून बघ. सहा महिन्यांचे लिही. मला दाखवू नको.”

मुलगा झेरॉक्सचे दोन रुपये काउंटरवर ठेवतो. वहिनी ते परत त्याच्या खिशात घालतात. तो गेल्यावर त्या म्हणतात, त्याच्या आईने सांगितले होते. कोणी सांगितले तर अण्णा असे करतात, एरवी नाही. मोबाइलवरच्या गटात पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्यांना बळी पडलेले दोघेजण त्यांच्या ओळखीचे आहेत. त्या दिवसापासून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक मशीनच्या वर मोठ्या अक्षरात लावलेला आहे.

११.१०

टपाल कचेरी. अण्णांच्या नावे पुण्याहून ‘अर्थबोधपत्रिका’ येते. वि. म. दांडेकरांनी उभ्या केलेल्या भारतीय अर्थविज्ञानवर्धिनीचे हे मासिक. देशातल्या आणि बाहेरच्या नियतकालिकांत अर्थकारणावर जे गंभीर छापून येते, त्याचे सार मराठीत द्यायचे काम ते करते. म्हणजे अण्णा पेन्सिलीने जे करतात तेच, मोठ्या तोलामोलाचे. अंक पातळ आहे. अण्णा तो शर्टाच्या आत घालतात, घामाने भिजू नये म्हणून मध्ये आजचा पेपर.

परतताना गोवा बागायतदार सहकारी संस्थेच्या आवारात डोकावतो. काजूच्या बियांची पोती उतरत आहेत. एक बाई डोक्यावरून पोते खाली ठेवते, तोंड सोडते. वजन करणारा मूठभर बिया हातात घेतो, खुळखुळवतो, एक दाताखाली धरतो. ओल आहे. अजून दोन दिवस उन्हात घाला, म्हणतो. बाई वाद घालते. पहाटेपासून डोंगरात होती, बोंडू पिळून बी वेगळी केली, रिक्षाचे भाडे देऊन आली. परत न्यायचे तर पुन्हा भाडे. शेवटी थोडा भाव कमी करून पोते काट्यावर चढते. २२ किलो आणि काही ग्रॅम.

सकाळी लिहिलेला लाल मजकूर आणि हा काटा यांत हजारो मैलांचा समुद्र आहे. बाई पेपर घेत नाही. भाव मात्र तिलाच भोगायचा आहे.

१.००

शटर खाली. घरी शीत, कडी, तळलेला बांगडा, कैरीचे लोणचे. अण्णा तासभर झोपतात. पहाटे तीनला उठणारा माणूस दुपारी झोपला नाही तर संध्याकाळी मोजणीत चुकतो.

३.३०

बाजार बंद. याच वेळेला दुकानाच्या बाकावर तिघे-चौघे जमतात. निवृत्त मुख्याध्यापक, इंजिनियर, एक माजी ट्रकमालक. सकाळच्या खुणांवर बोलणे होते. चहा बाहेरून येतो, पाळीपाळीने पैसे.

आज निळ्या खुणेची बातमी निघते, लोहखनिजाच्या भावाची. ट्रकमालक पुढे सरकून बसतात. बोलायला त्यांचा हक्क आहे.

२०१०-११ या वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले, बहुतेक चीनला. गोव्याचे खनिज कमी प्रतीचे, पण तिकडे पोलादाची भूक मोठी होती. पिसुर्ले-होंड्याच्या बाजूला ट्रकांची रांग संपत नसे. यांनी एका ट्रकावर सुरुवात केली आणि कर्ज काढून तीन केले. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्यावर काम पुन्हा थांबले.

“तीनातले दोन ट्रक भंगारात गेले,” ते म्हणतात. “किलोवर. ज्या ट्रकाने खनिज वाहिले तोच लोखंड म्हणून विकला.”

कोणी काही बोलत नाही. मग मुख्याध्यापक दुसरी बाजू काढतात. सोनशी गावच्या लोकांनी खनिजाच्या धुळीविरुद्ध रस्ता अडवला होता, २०१७ मध्ये, त्यांना तुरुंगात जावे लागले होते. विहिरी आटल्या होत्या, भांड्यांवर लाल थर बसत होता. ट्रकमालक मान हलवतात. “ते खरेच. माझा ट्रकही त्याच रस्त्याने जात होता.”

दोन्ही बाजू एका बाकावर बसून, कोणाचा आवाज न चढता, पुऱ्या ऐकल्या गेल्या. मी बऱ्याच परिसंवादांना गेलो आहे. तिथे हे क्वचित पाहिले.

मी अण्णांना विचारतो, तेव्हा तुम्ही खूण केली होती का? ते आतून एक जाड वही काढतात. कात्रणवही. २०११ सालची पाने उघडतात. एका कात्रणावर निळी रेघ आहे: बेकायदा खाणकामाची चौकशी सुरू असल्याची बातमी. तारीख आहे. शेजारी आणखी काही लिहिलेले नाही.

“यांना दाखवली होती?”

ट्रकमालकच उत्तर देतात. “दाखवली होती. पण तेव्हा तिसऱ्या ट्रकाची डिलिव्हरी मिळाली होती.”

त्यांनी नंतर उरलेल्या ट्रकावर वाळू-चिरे वाहिले, मग तोही विकला. आता जावयाबरोबर काजूचा छोटा कारखाना चालवतात. डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, डिचोलीचा पट्टा वेदांताला गेला. तेव्हा जुने ट्रकवाले पुन्हा कर्जाची चौकशी करू लागले. हे गेले नाहीत. आज सकाळच्या काजूच्या सात अंकांतला एक त्यांच्याकडे गेला होता.

५.४०

न विकलेल्या प्रती मोजणे. आज अकरा. काही परत घेतल्या जातात, काही रद्दीत. रद्दीवाला किलोला जो भाव देतो त्यात छापील किमतीचा मागमूस उरत नाही.

मग वही. वहिनींनी वाटीत मैद्याची खळ करून ठेवली आहे, डिंकाने पान पिवळे पडते म्हणतात. अण्णा कात्री घेतात. कापताना बातमीच्या वरचे पेपरचे नाव आणि तारीख राहील असे बघतात. तारीख नसलेले कात्रण ते ठेवत नाहीत. आजचे खनिजाचे कात्रण बोटभर रुंद आहे. मागे खळ लावतात, वहीत बसवतात, वरून कापडाने दाबतात. बाजूला एक ओळ: ‘सहा महिन्यांनी पुन्हा बघणे.’

अशा वह्या कपाटात ओळीने उभ्या आहेत. वाळपईच्या तालुका ग्रंथालयात जुने अंक बघायला येणारी कॉलेजची मुले कधीकधी इथे येतात. शोधलेले चटकन सापडते म्हणून. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चे, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. तिथे सगळे असते. इथे एका माणसाने जे महत्त्वाचे मानले तेवढेच आहे. प्रकल्पासाठी काजूवर लिहिणाऱ्या मुलीला परवा अण्णांनी पाच वर्षांचे भाव दीड तासात काढून दिले. झेरॉक्सचे चौदा रुपये झाले, ते घेतले.

७.३०

वसुली. हे काम अण्णांना मनापासून आवडत नाही, दिसते. हातात बिलांचे पुस्तक, कार्बन घातलेले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली ही फेरी.

पहिले घर पैसे तयार ठेवते. दुसऱ्या घरी साहेब आंघोळीला गेले आहेत. तिसऱ्या घरात मोठी गाडी उभी आहे, दोन महिन्यांचे बाकी आहे, “पुढच्या महिन्यात एकदम देतो.” चौथ्या घरी अण्णांना बसवतात, पाणी देतात, अमेरिकेच्या व्याजदराचे काय होईल ते विचारतात. वीस मिनिटे बोलतात. बिल देत नाहीत. अण्णाही मागत नाहीत. बाहेर आल्यावर मी विचारतो तर म्हणतात, “बोलता बोलता विसरले ते. उद्या मुलगा येईल.”

एजंटला मात्र दहा तारखेच्या आत पैसे भरावे लागतात. लोकांकडून आले नाहीत तर स्वतःचे. एका वर्षी त्यासाठी फंडातले चार हजार काढावे लागले होते, एवढेच ते या विषयावर बोलले.

आज अकरा घरे झाली. सहा घरांनी दिले.

तुमच्या दाराशी पहाटे पेपर येत असेल तर एक करा. पेपरवाल्याचे बिल महिन्याच्या पहिल्या तारखेला, सुट्या पैशांसह, दाराजवळ काढून ठेवा. घरपोच देण्याचे जे पंधरा-वीस रुपये असतील तेही. मागायला लावू नका.